बॅकअप परत चढवल्यावर इनहेरिटेड टेबलातील कॉलमचा क्रम बदलला

प्रश्न (पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक)
नमस्कार. आमच्या द्राक्ष पॅकहाउसच्या नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत. ‘आवक’ हे मूळ टेबल असून ‘द्राक्ष_आवक’ हे इनहेरिट्स (मूळ टेबलाचे कॉलम आपोआप घेण्याची सोय) वापरून त्याखाली केलेले आहे व त्यात ‘जात’ हा स्वतःचा कॉलम आहे. मागील हंगामात मूळ टेबलात ‘गाडी_क्रमांक’ वाढवला. परवा पीजी_डंप या पोस्टग्रेसच्या साधनाने घेतलेला बॅकअप नव्या सर्व्हरवर चढवला. एकही एरर आली नाही, ओळींची संख्याही जुळली. मात्र रात्रीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) लोड झाल्यावर जातीच्या रकान्यात गाड्यांचे नंबर आणि गाडीच्या रकान्यात ‘थॉमसन’, ‘सोनाका’ दिसू लागले. बॅकअप बिघडला आहे का?

उत्तर १
बॅकअप शाबूत आहे. ऑल्टर टेबल या आदेशाने मूळ टेबलात वाढवलेला कॉलम, आधीपासून अस्तित्वात असलेल्या उपटेबलात सर्वांत शेवटी, म्हणजे ‘जात’नंतर बसतो. परत चढवताना मात्र उपटेबल नव्याने तयार होते आणि त्या वेळी मूळ टेबलाचे सर्व कॉलम आधी व स्वतःचे नंतर येतात, म्हणून ‘गाडी_क्रमांक’ ‘जात’च्या आधी आला. जुना डेटा योग्य जागी गेला, कारण पीजी_डंप डेटा भरणाऱ्या कॉपी आदेशात कॉलमची नावे लिहितो. तुमच्या रात्रीच्या कॉपीत ती नसावीत, म्हणून फाइल जुन्याच क्रमाने नव्या कॉलमांत भरली गेली. दोन्ही कॉलम टेक्स्ट (मजकूर) प्रकारचे असल्यामुळे चूक अडली नाही. एक जरी आकडी असता तर लोड तिथेच थांबला असता. कॉपीत नावे लिहा आणि प्रोग्रॅममध्ये कुठे सिलेक्ट स्टार (नावे न देता सर्व कॉलम मागवणे) असेल तर तेही काढा.

उत्तर २
याला जोडून एक सांगतो. कॉपीऐवजी इन्सर्ट (ओळ भरणाऱ्या) आदेशांच्या रूपात बॅकअप हवाच असेल, तर पीजी_डंपचा ‘इन्सर्ट्स’ नव्हे, ‘कॉलम-इन्सर्ट्स’ हा पर्याय घ्यावा, कारण पहिल्यात नावे नसतात आणि अशा टेबलांत तो परत चढवताना अडतो किंवा मुकाट्याने चुकतो. आवृत्ती बदलण्यापुरतेच काम असते, तर पीजी_अपग्रेड या आवृत्ती बदलण्याच्या साधनाने जुना क्रम जसाच्या तसा राहिला असता.

प्रश्नकर्ता
कॉपीत नावे नव्हतीच. आता लिहिली आहेत. चुकीच्या ओळी फक्त एका रात्रीच्या आहेत. त्या कशा सुधाराव्यात?

उत्तर १
एकाच अपडेट आदेशात ‘जात = गाडी_क्रमांक, गाडी_क्रमांक = जात’ असे लिहा. पोस्टग्रेस उजवीकडे जुनीच मूल्ये धरतो, त्यामुळे अदलाबदल नीट होते आणि तात्पुरता कॉलम लागत नाही. व्हेअरच्या अटीत त्या रात्रीची तारीख मात्र विसरू नका, आणि आधी बिगिन देऊन (म्हणजे बदल मागे घेता येतो) ओळी मोजून पाहा.