मदत हवी आहे: सायकलची सीट बदलू की स्टेम (हँडलला पुढे धरून ठेवणारा जोडदांडा)?

रोड बाइकवर (वाकलेल्या हँडलच्या वेगवान सायकलवर) तीन महिने झाले. पंचविसेक किलोमीटरनंतर, हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर असले की सीटचा दाब पुढच्या नाजूक भागावर येतो आणि तिथे बधिरपणा येतो. मागे, बसण्याच्या हाडांवर दुखत नाही.

सध्याची सीट १४३ मिमी रुंद, मधे खाच नसलेली. पुठ्ठ्यावर बसून दोन हाडांमधलं अंतर मोजलं, ते १३० मिमी भरलं. स्टेम १०० मिमीचा.

सीटची उंची टाच पेडलवर ठेवून लावली आहे; कंबर डुलत नाही. पॅडवाली शॉर्ट आतल्या कपड्यांशिवायच घालते, शिवणीचा प्रश्न नाही. सीटचं टोक २ अंश खाली केलं तर दाब कमी झाला, पण अंग पुढे घसरून सगळा भार तळहातांवर आला आणि करंगळीला मुंग्या यायला लागल्या. म्हणून परत सपाट केली. जास्त मऊ जेल कव्हर नको, त्यात हाडं रुतून मधला दाब उलट वाढतो.

एका वेळी एकच बदल करायचा आहे, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. मग आधी १५५ मिमीची खाचवाली सीट घ्यावी, की ८० मिमीचा स्टेम लावून पोहोच (सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर) कमी करावी? आणि दाब सीटमुळे येतोय की लांब पोहोचेमुळे, हे खर्च करण्याआधी घरीच कसं ओळखायचं?