मदत हवी आहे: लातूरमधील तीस वर्षे जुन्या स्वतंत्र घराच्या देखभालीसाठी दरवर्षी किती रक्कम बाजूला ठेवावी आणि कोणते काम आधी करावे?

नमस्कार,

लातूर शहरात आमचे स्वतःचे घर आहे. वडिलांनी ते १९९६ साली बांधले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे कोसळून झालेली जीवितहानी तेव्हा ताजी होती, त्यामुळे जिल्ह्यात नव्याने घर बांधणारे बहुतेक लोक विटा, सिमेंट आणि स्लॅबकडे वळले होते. आमचे घरही त्याच काळातले. तळमजला सुमारे ११०० चौरस फुटांचा, विटांच्या भारवाही भिंतींवर स्लॅब, वर जिन्याची खोली आणि पाण्याच्या टाक्या. गृहकर्ज केव्हाच फिटले आहे, त्यामुळे घराचा आता काही खर्च उरला नाही असे नातेवाइकांना वाटते. प्रत्यक्षात गेली काही वर्षे एक काम संपत नाही तोच दुसरे निघते, आणि वडील निवृत्त असल्यामुळे हा सर्व भार माझ्या एका पगारावर आहे.

दुरुस्ती करावी की नाही, हा माझा प्रश्न नाही. ती करावीच लागेल. या घरावर दरवर्षी किती रक्कम वेगळी काढून ठेवणे शहाणपणाचे ठरेल आणि समोर असलेल्या कामांचा क्रम कसा लावावा, एवढेच मला ठरवायचे आहे. त्यासाठी घराची स्थिती थोडी सविस्तर सांगतो.

सर्वांत मोठी काळजी स्लॅबची आहे. न्हाणीघराच्या छताचे प्लास्टर तळहाताएवढ्या पापुद्र्यांनी सुटून पडले असून आतली गंजलेली सळई उघडी दिसते. स्वयंपाकघराच्या छतावर सळईच्या रेषेत तांबूस डाग उमटले आहेत. वर पाहावे तर कोब्याला बारीक भेगा आहेत, टाकीच्या ओव्हरफ्लोचे पाणी एका कोपऱ्यात साचते आणि पावसाळ्यानंतर तिथे शेवाळ धरते. एका ठेकेदाराने जुन्या कोब्यावरच नवा कोबा घालण्याचा सल्ला दिला, दुसऱ्याने केवळ रंगासारखा रासायनिक लेप पुरेसा आहे असे सांगितले. दोघांनीही खालच्या गंजलेल्या सळईबद्दल एक शब्द काढला नाही, म्हणून मी कोणालाच काम दिले नाही.

दुसरी बाब भिंतींच्या भेगांची. आमच्या भागात काळी माती खोल आहे. स्वयंपाकघराच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघाली आहे. वैशाखात तीत एक रुपयाचे नाणे उभे सरकते. पाऊस चांगला मुरला की भाद्रपदात तीच भेग इतकी मिटते की नख फिरवल्यावरच हाताला लागते. गवंडी दर वेळी ती सिमेंटने बुजवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. भूकंप पाहिलेल्या जिल्ह्यातील माणसाला तिरपी भेग दिसली की झोप लागत नाही, हे जाणकारांनी समजून घ्यावे.

तिसरा खर्च पाण्याचा, आणि तो बाहेरच्या वाचकांना कदाचित जाणवणार नाही. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे घर म्हणजे नळजोडणी, बोअर, जमिनीतला हौद, वरची टाकी आणि दोन मोटारी असा सगळा संसार असतो. बोअरची पातळी खाली गेली की मोटार आणखी खाली सोडावी लागते, ती जळाली तर पूर्ण पाइपलाइन वर काढावी लागते, आणि क्षारामुळे नळाचे स्पिंडल, शॉवर व गिझरची कॉइल ठरावीक काळाने बदलावीच लागतात. उन्हाळ्यातले टँकर वेगळेच. यातला कोणता भाग देखभालीच्या हिशेबात धरावा आणि कोणता महिन्याच्या घरखर्चात, हेही मला ठरवता आलेले नाही.

याशिवाय मागच्या खोलीच्या चौकटीला वाळवी लागली आहे, वायरिंग मूळचेच आहे आणि बाहेरचा रंग उडाला आहे. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी नियमित भरतो, त्याबद्दल प्रश्न नाही.

शेवटचा मुद्दा असा की, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळत असल्यामुळे घरातील मंडळींचा आग्रह यंदाच पॅनेल बसवून घेण्याचा आहे. ज्या स्लॅबची ही अवस्था आहे त्यावर लोखंडी सांगाडा उभा करणे मला पटत नाही, पण माझ्याकडे ठाम कारण नाही. स्थापत्य क्षेत्रातील जाणकारांनी आणि अशाच जुन्या घरांच्या मालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: नांदेडहून, स्थापत्य अभियंता

आपण दोन्ही ठेकेदारांना थांबवलेत हे फार योग्य झाले. स्लॅबमध्ये पाणी आणि हवा शिरली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडतो. म्हणून वरून कितीही लेप लावला तरी आधी गंजलेली सळई हाताळल्याशिवाय काम टिकत नाही. छतावर छोट्या हातोडीने सगळीकडे ठोकून पाहावे. जिथे पोकळ, बद्द आवाज येतो तो भाग खडूने आखून घ्यावा. तेवढे सैल काँक्रीट काढून सळई तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावी, तिला गंजरोधक लेप द्यावा आणि पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यावे. सळईची जाडी बरीच घटली असेल तर तिच्या शेजारी नवी सळई जोडावी लागते. हा निर्णय कागदावर अभियंत्याकडून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. काँक्रीट काढताना खालून टेकू लावणे अनिवार्य आहे.

जुन्या कोब्यावर नवा कोबा मुळीच घालू नका. त्याने स्लॅबवरचे कायमचे वजन वाढते आणि आपल्या घराच्या स्लॅबला नेमके तेच नको आहे. जुना कोबा काढून, पाण्याच्या निकासाकडे शंभरास एक इतका उतार देऊन नवा थर घालावा आणि बांध घालून दोन ते तीन दिवस पाणी साठवून तपासणी करावी. टाकीचा ओव्हरफ्लो मात्र आजच पाइपने खाली घ्या. तो खर्च अगदी किरकोळ आहे आणि अर्धे नुकसान तिथूनच होत आहे.

भेगेबद्दल आपण दिलेले वर्णन काळ्या मातीचेच आहे. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते, त्यामुळे पाया ऋतूप्रमाणे किंचित वरखाली होतो. ऋतूबरोबर उघडणारी आणि मिटणारी भेग सिमेंटने बुजवणे व्यर्थ आहे, कारण सिमेंट ताणले जात नाही. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून त्यावर तारीख लिहा आणि वर्षभर नोंद ठेवा. दरवर्षी ती पूर्वीइतकीच उघडत असेल तर उपाय भिंतीत नसून जमिनीत आहे: घराभोवती चारपाच फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरशी करा, भिंतीलगतची मोठी झाडे आणि गळके नळ पाहा, आणि पावसाचे पाणी मुरवण्याचा खड्डा किंवा शोषखड्डा पायापासून दूर न्या. त्यानंतर भेग लवचिक भरावाने भरा. भेग वर्षागणिक वाढतच गेली, किंवा तिच्या दोन बाजू पुढेमागे सरकलेल्या दिसल्या, तर मात्र वाट न पाहता संरचना अभियंत्याला बोलवा.

सौर पॅनेलबाबत आपले मत बरोबर आहे. सांगाड्याचे पाय स्लॅबवर एकदा बसले की त्यांच्याखालचे जलरोधन पुन्हा करणे फार अवघड होते. आधी स्लॅब, मग पॅनेल. नवा थर घालतानाच सांगाड्याच्या पायांसाठी काँक्रीटचे चौथरे करून घेतले तर पुढे छिद्रे पाडावी लागणार नाहीत.

प्रतिसाद: छत्रपती संभाजीनगरहून, एका गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदार

रकमेचा प्रश्न मी घेते. स्वतंत्र घराला कोणताच नियम नाही, पण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये एक चांगला आधार आहे. प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती व देखभाल निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के रक्कम सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी, जमा करावी, असे त्यात म्हटले आहे. यात जमिनीची किंमत धरायची नाही. आपले घर आज पुन्हा बांधायला समजा २० लाख रुपये लागत असतील, तर वर्षाला १५,००० अधिक ५,००० म्हणजे २०,००० रुपये होतात. १९९६ चा खर्च धरून हिशेब केलात तर रक्कम हास्यास्पद कमी येईल, म्हणून आजचाच दर धरा.

ही रक्कम किमान आहे, आणि तीस वर्षे निधी साठला नसेल तर सुरुवातीची काही वर्षे ती अपुरी पडेल. मोटार, नळ, वाळवीची फवारणी आणि हौदाची सफाई पहिल्या निधीतून करावी. टँकर आणि गिझरची कॉइल घरखर्चात धरावी. स्लॅब आणि वायरिंग यांसारखी मोठी कामे सिंकिंग फंडाची. त्याला वेगळे आवर्ती ठेव खाते असावे. आमच्या संस्थेत हे दोन निधी एकत्र ठेवायचे नाहीत यावर मी नेहमी आग्रही असते, कारण एकत्र पैसा किरकोळ कामांत संपून जातो.

त्याच उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावी लागते. आपले घर आता दुसऱ्या गटाच्या उंबरठ्यावर आहे. तपासणीचे शुल्क निधीत धराच. कर्ज काढण्याचा विचार असेल तर एवढे लक्षात ठेवा की स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीकर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला कमाल ३०,००० रुपयांची वजावट मिळते, नव्या प्रणालीत ती नाही. शिवाय भारत गृह रक्षा ही प्रमाणित विमा पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे आणि तीत भूकंपाचा समावेश आहे. जुनेपणामुळे झालेली झीज मात्र विम्यात कधीच येत नाही.

प्रतिसाद: परभणीहून, घरमालक

फक्त वेळेबद्दल सांगतो. आपल्याकडे सगळे जण जलरोधनाचे काम मे महिन्यात काढतात. त्या वेळी बोअरला पाणी नसते, ऊन रखरखीत असते आणि कोब्याला पाणी मारणे जमत नाही; मग वर्षाच्या आत बारीक भेगा पडतात आणि दोष सिमेंटला जातो. दिवाळीनंतर काम काढा. बोअर भरलेले असते, ऊन सौम्य असते, आणि ओल्या गोणपाटाखाली कोबा पूर्ण मुरवता येतो. सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधी घेतलेले अंदाजपत्रक असेल तर ते नव्याने मागवा.

मूळ लेखक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. टाकीचा ओव्हरफ्लो या आठवड्यात खाली घेतो आणि भेगेवर काचेची पट्टी लावतो. दिवाळीनंतर छताची सळई, मग वरचा कोबा, पुढच्या उन्हाळ्याआधी घराभोवतीची फरशी, आणि नंतर वायरिंग असा क्रम घरात सर्वांना मान्य झाला आहे. रंग आणि पॅनेल त्यानंतर. निधीची दोन खाती पुढच्या महिन्याच्या पगारापासून सुरू होतील.

एकच शंका उरली आहे. छताची गंजलेली सळई उघडून दुरुस्त करण्याचे काम मोजताना पूर्ण छताचे क्षेत्रफळ धरतात की प्रत्यक्ष उघडलेल्या भागाचे, आणि लेखी करारात कोणत्या अटी घालाव्यात? लातूर, धाराशिव किंवा बीड परिसरात ज्यांनी हे काम अलीकडे करून घेतले आहे त्यांनी आपला अनुभव सांगितल्यास दिवाळीपूर्वी करार करणे सोपे जाईल.