तीन महिन्यांची औषधं घरात एकदम साठवताना

प्रश्न
घरातल्या ज्येष्ठांची औषधं तीन-तीन महिन्यांची एकदम आणली जातात: थायरॉक्सिन, रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं डॅबिगॅट्रान, इन्सुलिनची पेनं, जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन. सगळंच फ्रीजमध्ये ठेवलं तर जास्त टिकेल का? आणि गोळ्या आधीच सोडवून डबीत भरल्या तर चालतं का?

प्रतिसाद १
गोळ्या फ्रीजमध्ये नकोत. गार डबी बाहेर काढून उघडली की हवेतलं बाष्प थेट गोळ्यांवर धरतं, आणि रोज हेच झालं की गोळी ओलावते. वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांखाली असं लिहिलेलं असतं, ते पाळायचं. झोपायच्या खोलीतलं बंद कपाट उत्तम. बाथरूम आणि शेगडीजवळचा कप्पा सर्वांत वाईट.

आठवड्याच्या खणांच्या डबीत आठवड्यापुरत्याच गोळ्या काढाव्यात. थायरॉक्सिनला उजेड, उष्णता, दमट हवा तिन्ही सोसत नाहीत, आणि त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असल्याने थोडी घटही जाणवते. डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल डबीत अजिबात काढू नका, त्या ओल पटकन ओढतात.

स्ट्रिप वापरताना एक्स्पायरी छापलेली बाजू शेवटी ठेवा. ती आधी फाडली गेली तर उरलेल्या गोळ्यांची तारीख कळायला मार्गच राहत नाही.

प्रतिसाद २
इन्सुलिनचं वेगळं आहे. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. दारात तापमान सारखं बदलतं, आणि मागच्या भिंतीला टेकलेलं पेन गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. वापरातलं पेन बाहेर ठेवता येतं, बहुतेकांना २८ दिवसांची मुदत असते; उघडल्याची तारीख पेनावर लिहा. सुई लावून ठेवू नका, गळती होते आणि हवा शिरते.

नायट्रोग्लिसरीन उडून जाणारं द्रव्य आहे आणि प्लॅस्टिक ते शोषतं. काचेच्या बाटलीत आली असेल तर त्याच बाटलीत, कापूस न घालता, झाकण घट्ट लावून. छातीत दुखू लागल्यावर गोळीत दम नसेल तर काय उपयोग?

प्रश्नकर्ता
वीज बराच वेळ गेली तर न उघडलेली पेनं वाया जातात का?

प्रतिसाद २
लगेच नाही. फ्रीजचं दार उघडू नका. पेनं ३० अंशांच्या वर गेली नसतील तर ती त्या दिवसापासून वापरात आली असं धरा आणि वेष्टनावरची वापराची मुदत मोजायला लागा.

प्रतिसाद ३
एक राहिलं. एक्स्पायरीची तारीख मूळ बंद वेष्टनासाठी असते. डोळ्यांचे बहुतेक थेंब उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकायचे, पाणी घालून केलेलं अँटिबायोटिक सिरप लेबलप्रमाणे ७ ते १४ दिवसांत. ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा वास आला की ती ओलीने विघटित होऊ लागली आहे. नवी खेप मागे, जुनी पुढे. कपाटाला कुलूप हवंच, लहान मुलं स्टुलावर चढतात. जुनी औषधं औषधदुकानात परत घेत असतील तर तिथेच द्या, संडासात ओतू नका.