लक्ष्मी रोड रोजच्या रोज चालणाऱ्यांना द्या, पेठेतली दुकानं त्यानेच टिकतील

पत्र्यामारुती_शेजारी
आमच्या गल्लीच्या तोंडाशी वह्या-पेनांचं दुकान होतं, ते गेल्या महिन्यात बंद झालं, आता तिथे मोबाईलची कव्हरं लटकतायत. त्यावरून पेठेतली छोटी दुकानं कशाने टिकतील असा घरात वाद झाला, तोच इथे आणतेय.

मी नारायण पेठेत राहते. परवा शनिवारी पायी निघाले, गिरणीत भाजणीचा डबा ठेवला, आईच्या साडीला फॉल-पिको टाकलं, चपलेचा अंगठा शिवून घेतला, अप्पा बळवंत चौकातून पोराचं शाळेचं वर्कबुक घेतलं, मिसळ खाल्ली आणि येताना डबा उचलला. दीड तास लागला, पेट्रोल शून्य. पाच ठिकाणी पैसे दिले आणि पाचही ठिकाणी गल्ल्यावर मालक स्वतः बसलेला होता. हे पुण्यात दुसरीकडे कुठे जमतं सांगा. बाणेरला माझी बहीण राहते, तिला कोथिंबीर आणायलाही गाडी काढावी लागते, नाहीतर ॲप.

पण यातला लक्ष्मी रोड ओलांडायचा भाग म्हणजे जीव मुठीत धरून. २०२१ पासून महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद. एक दिवस! बाकीचे ३६४ आम्ही काय उडत जायचं? माझं म्हणणं एवढंच की रोज सकाळी ११ ते रात्री ८ तेवढ्या पट्ट्यात गाड्या बंद करा. माणूस चालला की थांबतो, थांबला की आत डोकावतो, गाडीवरून जाणारा कधी नाडीचा बंडल बघून थांबलाय का?

नाडीवाला
थांबलाय. आणि माझं दुकान खरंच नाडी-बटण-अस्तर-लेसचं आहे म्हणून बोलतो, तिसरी पिढी.

ताई, पादचारी दिनाला माझ्या दुकानासमोर रांगोळी होती, ढोल होता, पोरं रस्त्यात मांडी घालून बुद्धिबळ खेळत होती, छान वाटलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी गल्ला मोजला तर रोजच्यापेक्षा कमी. गर्दी वेगळी आणि गिऱ्हाईक वेगळं. तुम्ही नारायण पेठेतल्या, तुम्ही वर्षातून चारदा फॉल नेणार. माझं दुकान चालतं ते भोर, सासवड, चाकणच्या लग्नाच्या बस्त्यावर, नाहीतर उपनगरातल्या शिलाईवाल्या बायका एकदम दोन महिन्यांचा माल नेतात त्यावर. बस्त्याला येतात ती सात-आठ माणसं, दोन म्हाताऱ्या आणि पिशव्या. त्यांना गरुड गणपतीला उतरवून चालत या म्हणायचं का? ती मंडळी सरळ बाहेरच्या हायवेवरच्या मोठ्या शोरूमला जातील, तिथे पार्किंगपण आहे आणि वरून चहा पाजतात.

सिंहगडरोडकर
चहा पाजतात हे महत्त्वाचं आहे हां. पेठेत "बघून सांगतो"सुद्धा उपकार केल्यासारखं म्हणतात. मी मागे एका दुकानात (नाव घेत नाही) कुकरची शिट्टी मागितली तर मालक पेपरमधून मान वर न काढता "कंपनी कुठली?" आणि मला सांगता येईना तर "मग घरून बघून या". घरून म्हणजे वडगावहून! ॲपवर दहा मिनिटांत आली. स्वतंत्र दुकान, मालक गल्ल्यावर, हे सगळं ऐकायला गोड आहे, पण मालक गल्ल्यावर असणं हाच कधीकधी प्रॉब्लेम असतो.

पत्र्यामारुती_शेजारी
@सिंहगडरोडकर मग शिट्टी बसली का?

सिंहगडरोडकर
नाही. लहान निघाली. पण तो मुद्दा नाहीये.

वाडामालक
सगळे चालणं-पार्किंग यावरच भांडताय म्हणून लिहितो. पेठेतली जुनी दुकानं ना चालणाऱ्यांमुळे टिकलीत ना गाड्यांमुळे, ती टिकलीत जुन्या भाड्यामुळे. आमच्या वाड्यात खाली चार गाळे आहेत, आजोबांनी दिलेले. चौघांचं मिळून महिन्याचं जे भाडं येतं त्यात माझी बायको एक दिवसाची भाजी पण आणत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, वाढ किती तर वर्षाला ४ टक्के. आता शंभर रुपयांवर ४ टक्के म्हणजे ४ रुपये, करा हिशोब. त्यात कौलं गळतात, मागची भिंत फुगलीय, नोटीस मात्र मालकाला.

आणि गंमत बघा, याच कायद्यातून बँका आणि १ कोटी किंवा जास्त भांडवलाच्या कंपन्या वगळलेल्या आहेत, त्यांना बाजारभावाने भाडं. म्हणजे मी जर माणूस म्हणून विचार केला तर नवा भाडेकरू कोण शोधेन? चपलेचा अंगठा शिवणारा? वाडा पाडून इमारत झाली की जुन्या गाळेवाल्याला जागा मिळते, पण त्यातले किती परत येऊन दुकान लावतात आणि किती तो गाळा भाड्याने देऊन घरी बसतात ते तुमच्याच गल्लीत मोजा. तुमचा वह्यांवाला कशाने गेला, गाड्यांनी?

पत्र्यामारुती_शेजारी
नाही. त्याचा मुलगा आयटीत आहे, त्याला बसायचं नव्हतं. आणि हो, वाडा पाडायला घेतलाय. हा मुद्दा मी लिहायला हवा होता, मान्य.

पण वाडामालक, नवीन गाळ्याचं भाडं बाजारभावाने भरायचं झालं तर छोट्या माणसाला धंदा तेवढा व्हायला हवा ना? तो वाढवायचा एक रस्ता तरी हातात आहे, तो म्हणजे रस्ताच. जंगली महाराज रोडचा फुटपाथ रुंद केला तेव्हा पण ओरड होतीच. आता संध्याकाळी तिथे बाकावर जागा मिळत नाही.

नाडीवाला
जंगली महाराज रोड आणि लक्ष्मी रोड एक नव्हे ओ. तिथली रुंदी बघा. आणि फुटपाथ रुंद केला की आठ दिवसांत त्यावर पथारी लागते, मग चालणारा परत रस्त्यात. पथारीवाल्यांशी माझं वैर नाही, त्यांचंपण पोट आहे, पण मी टॅक्स, शॉप ॲक्ट, लाईटबिल सगळं भरून आत बसणार आणि तोच माल माझ्या पायरीसमोर विकला जाणार. गाड्या बंद झाल्या की ती जागा चालणाऱ्याला मिळणार हे तुमचं गृहीत आहे.

दिल्लीत_अडकलेला
मूळचा सदाशिव पेठ, आठ वर्षं दिल्लीत. चांदनी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्या बंद आहेत. लाल दगड लावले, बाक ठेवले, सुंदर झालं. नाडीवाले म्हणतायत ते पण झालं, म्हणजे फेरीवाले, सायकलरिक्षांची कोंडी, चुकवून घुसणाऱ्या दुचाकी. तरी दुकानं ओस पडली नाहीत, लग्नाच्या सीझनला तिथे मुंगीला जागा नसते आणि लेहंगे घ्यायला लोक मेट्रोने येतात, पिशव्या घेऊन, म्हाताऱ्यांसकट. पुण्यातपण सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रो आहे ना? बस्त्याची माणसं स्वारगेटला एसटीतून उतरली की पुढचंच स्टेशन.

गुडघेदुखी
वय ७१, मुक्काम शनिवार पेठ. सगळे म्हाताऱ्यांच्या नावाने बोलतायत म्हणून एक म्हातारी बोलते. मला गाड्या नकोत असंही नाही आणि हव्यात असंही नाही. मला फुटपाथ एका पातळीत हवा. आत्ता दर दुकानापाशी वर चढा, खाली उतरा, मध्ये विजेचा डीपी, मध्ये पी-वन पी-टू पार्किंगच्या पाटीचा खांब. रिक्षा दारापर्यंत येईल एवढं ठेवा आणि दर शंभर पावलांवर टेकायला काहीतरी द्या. हल्ली पायरीवर बसलं तर दुकानदार बघतात.

नाडीवाला
आजी, माझ्या पायरीवर बसा, स्टूल देतो.

गुडघेदुखी
नंबर सांगा दुकानाचा.

इतिहासाचा_तास
थोडं अवांतर. आज जिला आपण महात्मा फुले मंडई म्हणतो ती १८८६ ची. आधी बाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. नव्या इमारतीवर एवढा पैसा घालू नका, शिक्षणावर घाला, असं नगरपालिकेत स्वतः जोतिराव फुले म्हणत होते, विक्रेतेही हलायला राजी नव्हते. पुढे नाव त्यांचंच लागलं. तेव्हा दुकानदारांचा विरोध ही काही नवी गोष्ट नाही, आणि विरोध करणारा दरवेळी मूर्ख असतो असंही नाही.

पत्र्यामारुती_शेजारी
ठीक. मी थोडी मागे येते. रोज ११ ते ८ ऐवजी शनिवार-रविवार संध्याकाळी ४ ते ९ करा, टेम्पोला सकाळी १० पर्यंत मोकळीक, रिक्षा आडव्या गल्ल्यांपर्यंत. मिनर्व्हा, आर्यन, हमालवाडा ही पार्किंगं आहेतच, तिथून बस्तेवाल्यांना चालायला किती लागतं ते मी घड्याळ लावून बघितलंय, मिनर्व्हापासून सोन्या मारुतीपर्यंत आजी नसेल तर दहा मिनिटांच्या आत. आणि नाडीवाले, एक विचारते, गाडी दुकानासमोर लावून आत येणारं गिऱ्हाईक दिवसात खरंच किती? समोर तर कायम तुमच्या शेजाऱ्यांच्याच ॲक्टिव्हा उभ्या असतात.

नाडीवाला
माझी पण असते. (हे इथेच राहू द्या.)

मोजलेलं नाही कधी. शनिवारी या, बाराला, तासभर स्टुलावर बसा, आजी नसतील तर. प्रत्येकाला विचारू कसे आलात. चालत आलेले निम्म्याहून जास्त निघाले तर तुमच्या अर्जावर पहिली सही माझी, नाही निघाले तर तुम्ही हा धागा खाली घ्यायचा.

सिंहगडरोडकर
बाराला नको, एकला शटर पडेल.

नाडीवाला
आमचं पडत नाही. चितळ्यांनी २०१७ ला दुपारचं उघडं ठेवलं, आम्ही त्याच्याआधीपासून ठेवतो, पण आमची बातमी कोण करणार.

पत्र्यामारुती_शेजारी
येते शनिवारी. मला तसाही फॉल हवाय अजून एका साडीला, मोरपंखी.

नाडीवाला
मोरपंखीत चार शेड येतात. साडी घेऊन या, फोटो चालणार नाही.