ब्रॉयलरच्या खाद्यात सोयापेंडीऐवजी काय चालेल?

प्रश्न (लातूर)
नमस्कार मंडळी. आमचं शेड कंपनीच्या करारावर नाही, खाद्य घरच्या मिक्सरवर बनवतो. सोयापेंडीचा भाव चढला की हिशेब कोलमडतो. २०२१ ला तर सरकारला १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली होती. इथे डाळमिलची तूरचुणी, शेंगदाणा पेंड, मक्याची डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा) मिळते. काय, किती घालू?

विट्याचा शेडवाला
दादा, प्रीस्टार्टरला, म्हणजे पिल्लांच्या सुरुवातीच्या दिवसांच्या खाद्याला, हात लावू नका. पिल्लाचं आतडं तेव्हाच तयार होत असतं, तिथे चांगली सोयापेंडच द्या. बदल फिनिशरमध्ये (विक्रीआधीच्या शेवटच्या खाद्यात) करा, तोही हळूहळू.

शेंगदाणा पेंडीत प्रथिनं सोयापेंडीच्या तोडीची असतात, पण लायसिन बरंच कमी आणि मेथिओनिनही कमी (ही प्रथिनांतली आवश्यक अमिनो आम्लं). किलोला किलो बदललीत तर छाती भरत नाही आणि खाद्य जास्त लागतं. दोन्ही वरून घालावी लागतात, तो खर्च धरूनच भाव बघा.

खरी भीती अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली, गुठळ्या आल्या, कुबट वास आला तर माल तिथूनच परत. स्वच्छ दिसणाऱ्या पेंडीतही ते असू शकतं, म्हणून प्रत्येक नव्या गाडीचा नमुना लॅबला पाठवाच. यात पैसे वाचवू नका, पक्ष्याचं लिव्हर जातं आणि लसही नीट लागू पडत नाही.

डीडीजीएसचंही तसंच. इथेनॉलसाठी मक्यातला स्टार्च निघून जातो आणि उरलेलं सगळं जवळपास तिप्पट दाट होतं, बुरशीचं विषसुद्धा. सोनेरी माल घ्या. करपट तपकिरी असेल तर वाळवताना लायसिन जळालंय. मी फिनिशरला पाच टक्क्यांपासून सुरुवात करतो.

चुणी म्हशींना घाला. तंतू फार, ब्रॉयलरला परवडत नाही.

प्रश्न (लातूर)
आभारी आहे. सरकी पेंड आणि गवार कोरमा (गवारीच्या बीतून गोंद काढल्यावर उरणारा भाग) चालेल का?

जालना पोल्ट्री
सरकीत गॉसिपॉल नावाचं नैसर्गिक विष असतं, ते लायसिन अडकवून ठेवतं. त्यावर काहीजण हिराकस (फेरस सल्फेट) घालतात, पण ब्रॉयलरला मी देत नाही. कोरमा भाजलेलाच घ्या. गोंद राहिला असेल तर विष्ठा चिकट होते.

विट्याचा शेडवाला
बरोबर. शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं झालं की अमोनिया वाढतो, तळपाय सोलतात. कोरमा आधी एका कप्प्यातल्या पक्ष्यांनाच द्या, रोज सकाळी तूस मुठीत दाबून बघा. गोळा होऊन राहिला तर लगेच कमी करा.