स्ट्रिंगला मराठीत काय म्हणायचं, आणि शेवटच्या त्या शून्याला?

भाच्याला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतेय आणि त्याच्यासाठी मराठीत नोट्स लिहून काढतेय. व्हेरिएबल, लूप, फंक्शन इथपर्यंत काही अडलं नाही, ते शब्द तसेच ठेवले, बाकीचं वाक्य मराठीत, वाचणाऱ्याला कळतं. स्ट्रिंगपाशी आले आणि दोन दिवस तिथेच अडकलेय. इथे शब्दाला शब्द देऊन भागत नाही, शब्द चुकला की मुलाच्या डोक्यात चित्रच चुकीचं बसतं, आणि नेमकं तेच झालं.

मी लिहिलं होतं, "स्ट्रिंग म्हणजे अक्षरमाला". वाचायला छान वाटतं. त्याने ते वाचून रोमन लिपीत राम लिहायला चार खणांचा कॅरेक्टर ॲरे (ओळीने खण, एका खणात एक कॅरेक्टर) घेतला. आर, ए, एम, ए. चार अक्षरं, चार खण, हिशेब चोख. कंपाइलरनेही चकार शब्द काढला नाही, कारण सी मध्ये हे चालतं, शेवटचं शून्य मावत नसेल तर ते गुपचूप गाळलं जातं (सी प्लस प्लस मात्र इथेच अडवतो). मग पर्सेंट-एस (म्हणजे "स्ट्रिंग म्हणून छाप") वापरून प्रिंट केलं तर स्क्रीनवर राम, त्याला चिकटून दोन विचित्र चिन्हं आणि त्यापुढे शेजारच्या ॲरेमध्ये भरलेला भलताच मजकूर. "मावशी, हे कुठून आलं?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं हो. मी अक्षरांची माळ म्हणून सांगितलं, त्याने अक्षरं मोजली. शेवटी शून्य किमतीचा एक बाइट लागतो, तो नसेल तर छापणारं प्रिंटएफ फंक्शन कुठे थांबायचं हे न कळून पुढची मेमरी वाचत सुटतो, ही गोष्ट माझ्या व्याख्येत कुठे नव्हतीच. तर दोन शब्द हवेत. एक स्ट्रिंगसाठी आणि एक त्या शेवटच्या शून्यासाठी. अक्षरमाला, वर्णमाला, शब्दमाला, अक्षरसाखळी असं बरंच सुचतंय पण एकही पटत नाहीये.

प्रतिसाद:

वर्णमाला नकोच. वर्णमाला म्हटलं की अ पासून ज्ञ पर्यंतची मुळाक्षरं, तो अर्थ इतका पक्का आहे की दुसरा बसणारच नाही. शब्दमाला म्हटलं की शब्दांची यादी वाटते. माझं मत विचाराल तर स्ट्रिंगच ठेवा. "स्ट्रिंग कापली", "स्ट्रिंगा जोडल्या" असं आपण रोज बोलतो, शब्दाला लिंग मिळालं, अनेकवचन मिळालं, म्हणजे तो मराठीत मुरला. शेवटच्या शून्यासाठी समाप्तिचिन्ह म्हणा. ऐकायला जड आहे पण अर्थ स्वच्छ आहे.

मूळ लेखिका:

स्ट्रिंग ठेवायला माझी हरकत नाही, तुमचा अनेकवचनाचा मुद्दा तर एकदम पटला. पण नाव तेच ठेवलं तरी समजावताना काहीतरी चित्र द्यावंच लागतं, नुसतं "स्ट्रिंग म्हणजे स्ट्रिंग" म्हणून कसं चालेल. आणि समाप्तिचिन्ह म्हटलं की मला पूर्णविराम दिसतो, म्हणजे छापलेलं, डोळ्यांना दिसणारं चिन्ह. हे शून्य तर कधीच दिसत नाही, लांबीत मोजलं जात नाही, आणि तरी जागा खातं. असा शब्द हवा की ज्यात हे तिन्ही आपोआप येईल.

काल रात्री सुचलं ते लिहिते. गाठ. माळ ओवताना शेवटी दोऱ्याला गाठ मारतो ना, ती मणी नसते, मणी मोजताना तिला कोणी मोजत नाही, पण तिच्यासाठी दोरा थोडा जास्त ठेवावाच लागतो. पाच मण्यांना पाच मण्यांपुरताच दोरा घेतला तर गाठ कुठे मारणार? आणि गाठ नसेल तर मणी घरंगळत जातात, कुठवर जातील ते सांगता येत नाही. भाच्याला हे सांगितलं आणि त्याने लगेच ॲरे पाच खणांचा केला, दुसरं काही बोलायची वेळच आली नाही.

प्रतिसाद:

गाठ आवडली! त्यात थोडी इतिहासाची भर घालतो, कारण ही गाठ पहिल्यापासून नव्हती. सी च्या आधीची भाषा बी, बी च्या आधीची बीसीपीएल. बीसीपीएलमध्ये स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच एका बाइटमध्ये किती कॅरेक्टर आहेत तो आकडा असायचा, म्हणजे माळेला गाठ नाही, पुढे चिठ्ठी बांधलेली. केन थॉम्पसनने बी करताना ती चिठ्ठी काढली आणि शेवटी एक खास खुणेचं कॅरेक्टर ठेवलं. डेनिस रिचीने सी मध्ये हीच पद्धत ठेवली, फक्त खूण म्हणून शून्य घेतलं. कारणही त्याने स्वतः लिहून ठेवलंय, एक तर आकडा छोट्या जागेत ठेवला की स्ट्रिंगच्या लांबीला मर्यादा येते, आणि दुसरं म्हणजे तो आकडा सांभाळत बसण्यापेक्षा शेवटची खूण त्यांना अनुभवाने सोयीची वाटली. चिठ्ठीवाली पद्धत पुढे पास्कलच्या बऱ्याच कंपाइलरांत दिसते, तिथे एका बाइटची चिठ्ठी म्हणून जास्तीत जास्त २५५ कॅरेक्टर.

हे अशासाठी लिहिलं की गाठ आणि चिठ्ठी ही जोडी तुम्ही नोट्समध्ये वापरू शकाल. स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेन फंक्शनला वेळ का लागतो तेही त्यातच कळतं, चिठ्ठी नाही म्हणून बिचाऱ्याला दरवेळी पहिल्या मण्यापासून गाठ सापडेपर्यंत चालत जावं लागतं.

प्रतिसाद:

शून्य या शब्दाचं पण बघा. शिकवताना सगळ्यात जास्त घोळ इथे होतो असा माझा अनुभव आहे. चार वेगळ्या गोष्टींना आपण तोंडाने शून्यच म्हणतो. एक तो बाइट, बॅकस्लॅश-शून्य, ज्याची किंमत खरंच ०. दुसरा कीबोर्डवरचा शून्य हा अंक, तो कॅरेक्टर आहे आणि ॲस्कीत (कॅरेक्टरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात) त्याची किंमत ४८. तिसरा नल पॉइंटर, म्हणजे पत्ताच नाही. आणि चौथी रिकामी स्ट्रिंग, जिची लांबी ०. माझ्याकडे शिकणाऱ्या एकीने शेवटच्या खणात अवतरणात नुसता शून्य टाकला होता, बॅकस्लॅश विसरली, आणि तासभर विचारत होती की मी शून्य टाकलाय तरी स्ट्रिंग थांबत का नाही. थांबणार कशी, तो ४८ नंबरचा आणखी एक मणी झाला.

मूळ लेखिका:

हो हो, हे फारच महत्त्वाचं. शून्य हा शब्द नोट्समधून जवळजवळ हद्दपारच करते आता. बॅकस्लॅश-शून्याला गाठ, कीबोर्डवरच्याला शून्य अंक, नल पॉइंटरला "पत्ता नाही". आणि रिकामी स्ट्रिंग हा शब्द ठेवणार कारण तो बरोबर आहे, मणी नाहीत पण दोरा आहे आणि गाठ आहे, म्हणून एक बाइट जागा जातेच. पत्ता नाही म्हणजे दोराच नाही. रिकामी असणं आणि नसणं यातला फरक मराठीत इतका सरळ आहे, आपण उगीच नल-नल करून तो धूसर करतो. रिकामी स्ट्रिंग स्ट्रलेनला दिली तर तो ० सांगतो, आणि "पत्ता नाही" दिला तर बहुतेक वेळा प्रोग्राम तिथेच कोसळतो.

लांबी आणि जागा हेही दोन वेगळे शब्द कटाक्षाने ठेवतेय. २० खणांच्या ॲरेत रोमन राम ठेवला तर लांबी ४, जागा २०. साइझऑफ जागा सांगतो, स्ट्रलेन लांबी. आणि तोच ॲरे फंक्शनला पाठवला की आत साइझऑफ २० सांगत नाही, पॉइंटरचा आकार सांगतो, ६४ बिट मशिनवर ८, कारण आत माळ जातच नाही, माळ कुठे ठेवलीय तो पत्ता जातो. दोन स्ट्रिंगा दोन बरोबरची चिन्हं टाकून का ताडता येत नाहीत त्याचं उत्तरही हेच, तिथे पत्ते ताडले जातात. मणी ताडायला स्ट्रकम्प, आणि तो सारख्या असतील तर ० देतो, हे पहिल्यांदा सगळ्यांनाच उलटं वाटतं. त्याला "जुळतं का" असं म्हणू नका, "फरक किती" असं म्हणा, मग फरक शून्य म्हणजे सारख्या हे आपोआप लागतं.

प्रतिसाद:

बफर ओव्हरफ्लोला, म्हणजे ठेवलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर भरला जातो त्याला, काय म्हणणार? ओसंडणं चालेल का?

मूळ लेखिका:

ओसंडणं मला नाही पटत. ओसंडलेलं पाणी बाहेर वाहून जातं, नुकसान झालं तर सांडल्याचं. इथे जास्तीचे बाइट वाया जात नाहीत, ते शेजारच्या व्हेरिएबलच्या खणात जाऊन बसतात आणि तिथलं आधीचं पुसतात. हे अतिक्रमण आहे. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्राम) पसरला तेव्हा त्याचा एक मार्ग हाच होता, फिंगर (मशिनवरच्या वापरकर्त्यांची माहिती देणारी) सेवेचा प्रोग्राम गेट्स फंक्शनने ओळ वाचायचा, ५१२ बाइटच्या बफरमध्ये, आणि गेट्सला जागा किती आहे हे सांगायची सोयच नाही. पाठवणाऱ्याने त्याहून लांब ओळ पाठवली आणि हद्द ओलांडून पुढचं सगळं आपल्याला हवं तसं लिहून घेतलं. असं असूनही गेट्स भाषेच्या स्टँडर्डमधून निघायला २०११ उजाडलं. ओसंडलं म्हटलं तर यातला धोका कळत नाही, अतिक्रमण म्हटलं की कळतो.

प्रतिसाद:

अक्षरमालेतल्या अक्षर शब्दावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माळ ठीक आहे, गाठ तर उत्तमच, पण मणी म्हणजे अक्षर हे साफ चूक आहे, आणि हे मराठी माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं, कारण आपल्या लिपीत ते लगेच उघडं पडतं. आपल्या व्याकरणातच वर्ण वेगळा, अक्षर वेगळं. "शब्द" या शब्दात अक्षरं दोन, श आणि ब्द. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) त्याच्या खुणा चार, श, ब, हलन्त, द. आणि यूटीएफ-८ मध्ये (ते क्रमांक बाइटांत लिहायच्या पद्धतीत) देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणून बाइट बारा. स्ट्रलेनला विचारा, तो १२ सांगेल. सी चा मणी म्हणजे बाइट, बाकी काही नाही.

करून बघण्यासारखं आहे. श चे तीन बाइट २२४, १६४, १८२. बऱ्याच मशिनवर कॅरेक्टर टाइप उणे आकडेही धरतो, तिथे हेच पर्सेंट-डी ने (आकडा म्हणून) छापलं तर उणे ३२, उणे ९२, उणे ७४ असं दिसतं आणि माणूस घाबरतो. आता या बारा बाइटांतले पहिले दहाच कॉपी केले तर द चा एकच बाइट उरतो, स्क्रीनवर पाय मोडलेला ब आणि पुढे प्रश्नचिन्हाची चौकट. सगळ्या पुस्तकांत असतो तो स्ट्रिंग उलटी करायचा प्रोग्राम याला लावला तर बाइट उलटे होऊन नुसता चिखल. बाइटांऐवजी खुणा उलट्या केल्या तर "द्बश". आपण तोंडाने उलटं म्हणू ते "ब्दश", त्यासाठी अक्षरं ओळखावी लागतात आणि ते काम सी ची स्ट्रिंग फंक्शनं करत नाहीत.

मूळ लेखिका:

हे वाचून नोट्सचं अर्धं पान खोडलं, मनापासून आभार. मी स्वतः कॅरेक्टरला सगळीकडे अक्षर लिहीत होते. आता सी च्या संदर्भात बाइट, आणि माणसाला दिसतं ते अक्षर, मधल्याला तुमचा शब्द, खूण.

आणि एक गोष्ट मला यात फार देखणी वाटते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच काय, कुठल्याच लिपीच्या खुणेच्या आत शून्य बाइट येत नाही, तो फक्त गाठीसाठी राखलेला. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ते तसंच बेतलं. म्हणूनच स्ट्रिंगची नक्कल करणाऱ्या ज्या स्ट्रकॉपीला देवनागरीचा गंध नाही तो आपला मजकूर एकही बाइट न बिघडवता उतरवून देतो. बी मधून चिठ्ठी काढणारा थॉम्पसन तो हाच.

प्रतिसाद:

स्ट्रकॅट आणि स्ट्रएनकॉपीचं काय लिहिलंत मग? एकाला "जोडणे" आणि दुसऱ्याला "सुरक्षित नक्कल" असं मी एका ठिकाणी वाचलं होतं.

मूळ लेखिका:

सुरक्षित अजिबात नका म्हणू! स्ट्रएनकॉपी ठरावीक रुंदीच्या खणांसाठी केलेलं फंक्शन आहे, जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत फाइलच्या नावाला १४ बाइट असायचे तसल्या. मजकूर छोटा असेल तर उरलेले सगळे खण शून्यांनी भरतं आणि मजकूर जागेएवढा किंवा जास्त असेल तर गाठच मारत नाही. मी त्याला "खण भरणे" म्हटलंय आणि खाली लाल शाईने "गाठ आपली आपण मारायची".

जोडणे मात्र मोघम आहे, त्यात कोण कोणाला जोडलं जातं आणि जागा कोणाची लागते ते कळत नाही. त्याच्या वहीत आता असं आहे: "स्ट्रकॅट – पहिल्या माळेची गाठ शोधायची, ती सोडायची, तिथून पुढे दुसऱ्या माळेचे मणी ओवायचे, शेवटी नवी गाठ. दोरा पहिल्या माळेचा लागतो, आधी मोजून घे." त्याने खाली पेन्सिलने स्वतःच लिहिलंय, पहिलीची लांबी अधिक दुसरीची लांबी अधिक एक.