पाच हजारांच्या हेडफोनवरून तीस हजारांच्या हेडफोनकडे जावे का?

काळी_चार :

नमस्कार. गेली सहा वर्षे मी ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स हा क्लोज्ड बॅक (मागून बंद) हेडफोन वापरत आहे. घेतला तेव्हा तो पाच हजारांच्या आतच मिळाला होता आणि परवापरवापर्यंत त्याच्याविषयी माझी काही तक्रार नव्हती. माझे ऐकणे जवळजवळ सगळे ख्यालगायनाचे आहे. त्यातला निम्मा भाग ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्यांवरून आणि मैफलींच्या टेपवरून संगणकात उतरवून घेतलेला आहे, आणि उरलेला अलीकडच्या स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणांचा. रोज रात्री जेवणानंतर दीड-दोन तास, लॅपटॉपला किंवा फोनच्या टाइप-सी डोंगलला (हेडफोन जोडण्याच्या छोट्या तुकड्याला) जोडून ऐकायचे, असा क्रम असतो.

मागच्या महिन्यात मुलुंडला एका मित्राकडे सेनहायझरचा एचडी ६०० अर्धा तास ऐकला. त्याने तो वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला होता. विलंबित ख्याल सुरू होण्याआधी नुसते तानपुरे लागले आणि ते डोक्याच्या आत न वाजता दोन्ही खांद्यांच्या मागे, खोलीत कुठेतरी वाजत असल्यासारखे वाटले. घरी येऊन तेच ध्वनिमुद्रण माझ्या हेडफोनवर लावले, तर तानपुऱ्यांवर कोणी घोंगडी पांघरली आहे आणि डग्गा उगाचच फुगला आहे असे वाटू लागले. सहा वर्षे जे खटकले नव्हते ते आता रोज खटकते.

अ‍ॅम्प्लिफायर धरून खर्च तीस हजारांच्या घरात जाईल. सहापट पैसे मोजल्याने सहापट आनंद मिळत नाही, हे मला कळते. मला विचारायचे आहे ते एवढेच की, अर्ध्या तासात ऐकलेला तो फरक कितपत खरा होता, आणि माझ्या संग्रहावर व माझ्या ठाण्याच्या घरात तो टिकेल का. घरचे मत असे आहे की तेवढ्या पैशांत सवाई गंधर्व महोत्सवाच्या भारतीय बैठकीची तिकिटे पुढची कित्येक वर्षे येतील आणि तिथे तानपुरे खरोखरच समोर वाजतात. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही.

जवारी :

आपण ऐकलेला फरक खोटा नसावा, परंतु त्यात तीन-चार गोष्टी एकत्र मिसळलेल्या आहेत आणि त्या सोडवल्याशिवाय पैसे कशासाठी द्यायचे हे ठरणार नाही.

पहिली गोष्ट आवाजाच्या पातळीची. दोन उपकरणांपैकी एक जरा जरी मोठ्याने वाजत असले, तरी ऐकणाऱ्याला ते ‘मोठे’ न वाटता ‘स्वच्छ’ वाटते. एक-दोन डेसिबलचा फरकही यासाठी पुरतो. मित्राच्या अ‍ॅम्प्लिफायरचे बटण कुठे होते आणि घरी आपण आवाज किती ठेवला होता, हे आता सांगता येणार नाही. त्यामुळे तो हेडफोन दोन दिवस उसना मागा, आपली नेहमीची ध्वनिमुद्रणे त्यावर लावा आणि दोन्हींचा आवाज काळजीपूर्वक सारखा करून मगच मत बनवा.

दुसरी गोष्ट रचनेची. एचडी ६०० हा ओपन बॅक आहे, म्हणजे त्याच्या ड्रायव्हरच्या (आवाज निर्माण करणाऱ्या पडद्याच्या) मागची बाजू जाळीची असल्याने मागे जाणारा आवाज कपात कोंडून परत कानावर येत नाही. तानपुरे खोलीत वाजल्यासारखे वाटण्याचे मुख्य कारण हे आहे, किंमत नव्हे. त्याहून निम्म्या किमतीचा एखादा ओपन बॅकही या बाबतीत आपल्या सध्याच्या हेडफोनपेक्षा मोकळा वाटेल.

तिसरी गोष्ट, आपण ऐकता त्या संगीताला काय लागते. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) धरला तर तो १३९ हर्ट्झच्या आसपास येतो, बाईंचा काळी चार धरला तर २०८ च्या आसपास. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तारही ६९ हर्ट्झच्या खाली जात नाही. म्हणजे जाहिरातींत ज्या ‘डीप बास’चे कौतुक असते, त्याच्याशी ख्यालाचा फारसा संबंध नाही, आणि एचडी ६०० त्या तळाच्या भागात दुबळा आहे अशी जी तक्रार सर्वत्र वाचायला मिळते ती आपल्याला लागू पडत नाही. याउलट जवारीवरचा (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचा) दोरा नेमक्या जागी सरकवल्यावर तानपुऱ्यातून स्वरांचा जो झोत सुटतो, तो मूळ स्वराच्या कितीतरी पट वरच्या कंपनांचा असतो. हेडफोन दोन ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कसा वागतो, यावर तानपुरा जिवंत वाटतो की मेलेला, हे ठरते. एचडी ६०० ची कीर्ती मधल्या पट्ट्यातल्या प्रामाणिकपणावर उभी आहे, आणि १९९७ पासून तो बाजारात टिकून आहे तो यामुळेच.

आता संग्रहाविषयी. १९२५ च्या सुमाराला विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत गवई भोंग्यासमोर गात असे आणि अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर तबकडीवर फारसे काही उमटत नसे. त्यानंतरच्या ७८ आरपीएम तबकड्यांवर ही मर्यादा दुपटीने वाढली, तरी वरच्या भागात गाण्यापेक्षा खरखरच अधिक असते. तिथे तानपुरा जेमतेम ऐकू येतो, कारण तो मुळात जेमतेमच टिपला गेला आहे. जे तबकडीवर नाही ते कोणताही हेडफोन देऊ शकणार नाही. खरखर मात्र तो अधिक स्पष्ट देईल.

अ‍ॅम्प्लिफायरची आपण समजता तेवढी निकड नाही. एचडी ६०० चा इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा रोध) ३०० ओहम आहे म्हणून लोक घाबरतात, पण त्याला १ व्होल्ट दिला की ९७ डेसिबल आवाज निघतो. साधा डोंगल १ व्होल्टच्या आसपास देत असेल आणि गाण्याची सरासरी पातळी शिखरापेक्षा २० डेसिबलने खाली असेल, तर पूर्ण आवाजावर सरासरी ७७ डेसिबल मिळेल, जे रात्री ऐकायला पुरेसे आहे. मैफलीच्या टेपा मात्र अनेकदा फार दबक्या पातळीवर उतरवलेल्या असतात आणि तिथे हा हिशेब तोकडा पडेल. तेव्हा २ व्होल्ट देणारा, दोन-तीन हजारांचा डोंगल घेतला की आणखी ६ डेसिबल हाती येतात आणि बहुतेक काम भागते. दहा हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर आज तरी यादीतून काढा.

उंबरठा :

वरील उत्तर सविस्तर आहे, पण ओपन बॅकची दुसरी बाजू त्यात राहून गेली. जाळीतून आतला आवाज जसा बाहेर जातो तसा बाहेरचा आत येतो. मी असाच एक ओपन बॅक हौसेने घेतला होता. मे महिन्यापासून छताचा पंखा तीनवर, खिडकीखाली रिक्षास्टँड आणि शेजारी दूरदर्शनवरची मालिका अशा वातावरणात अतिविलंबित लय ऐकण्याचा प्रयत्न चार महिने केला आणि एकतृतीयांश किमतीवर पाणी सोडून तो विकला. शिवाय शेजारी झोपलेल्या माणसाला आपले गाणे स्वच्छ ऐकू जाते, ही गोष्ट विकणारा सांगत नाही. आपल्या घरातली रात्रीची शांतता नेमकी किती शांत आहे, हे आधी पाहा.

सम_चुकली :

मी थोडा विरोधी सूर लावतो. ध्वनिसंशोधक जेरुन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापे तपासून असा निष्कर्ष मांडला होता की हेडफोनची किंमत आणि त्याचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (खालचे-वरचे स्वर तो किती जोराने देतो ते) यांच्यात काही संबंध आढळत नाही. याचा अर्थ महागडे हेडफोन वाईट असतात असा नाही. किंमत पाहून आवाजाचा तोल ओळखता येत नाही, एवढाच तो आहे.

तेव्हा तीस हजारांआधी हजार रुपये खर्च करून पाहावेत. सहा वर्षांत इअरपॅडचा फोम बसतो, वरचे रेक्झिन सोलवटते आणि कानाभोवतीची पकड बदलते. पकड बदलली की खालच्या स्वरांचा तोल बिघडतो आणि ड्रायव्हर कानाच्या अधिक जवळ येतो. आपण आज ज्याची तुलना एचडी ६०० शी करत आहात तो आपण विकत घेतलेला हेडफोन राहिलेलाच नाही. नवे पॅड बसवल्यावर विंडोजवर इक्वलायझर एपीओ हा वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणारा मोफत प्रोग्राम घालावा, अँड्रॉइडवर वेव्हलेट आहे, आणि १५० ते २५० हर्ट्झचा पट्टा तीन-चार डेसिबलने खाली आणून पाहावा. डग्ग्याची सूज बरीचशी तिथेच उतरेल.

जवारी :

पॅडचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे आणि तो माझ्या लक्षात यायला हवा होता. इक्वलायझरने तोल सुधारतो हेही खरे, मात्र कपात कोंडल्याची भावना त्याने जात नाही. ती तोलाची बाब नाही.

परतीची_लोकल :

पंखा आणि रस्ता हीच अडचण असेल, तर नॉइज कॅन्सलिंगच्या (बाहेरचा आवाज दाबणाऱ्या) वायरलेस हेडफोनचा विचार का करू नये? पंख्यासारखा खालच्या पट्टीत सतत घुमणारा आवाज ते फार चांगला दाबतात. ब्लूटूथवरून सीडीच्या दर्जाचे सेकंदाला १४११ किलोबिट जात नाहीत, एलडॅक या ब्लूटूथच्या उच्च दर्जाच्या पद्धतीतही कमाल ९९० च जातात, परंतु पंख्याखाली बसून तो फरक ऐकू येईल असे मला वाटत नाही. तानपुऱ्याचा मोकळेपणा त्यात नसतो, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

काळी_चार :

सर्वांचे आभार. मित्राने शुक्रवार ते सोमवार हेडफोन दिला आणि त्याआधी मी नवे पॅड बसवून घेतले होते, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी न्याय्य झाली असावी.

नववीतल्या मुलीला हाताशी धरून डोळे मिटून ऐकण्याचा प्रयोग केला, तो पहिल्या मिनिटातच फसला. एचडी ६०० चे पॅड मखमली आहेत आणि माझे रेक्झिनचे, त्यामुळे डोळे मिटले तरी गालांना कळते की डोक्यावर काय आहे. हेडफोनांची खरी आंधळी चाचणी घरी करता येत नाही, असा निष्कर्ष तिने वहीत लिहून ठेवला आहे. तरी आवाज सारखा करून जे ऐकले ते सांगतो.

नवे पॅड आणि इक्वलायझर यांच्यामुळे डग्ग्याची तक्रार जवळजवळ मिटली. केसरबाई केरकरांच्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या दोन्हींवर ऐकल्या, तेव्हा मला माझाच हेडफोन बरा वाटला, कारण एचडी ६०० वर प्रत्येक ओरखडा वेगळा मोजता येत होता. टेपांवर फरक होता, पण त्यासाठी कोणी पैसे मागितले असते तर मी दिले नसते. अलीकडची ध्वनिमुद्रणे लावली, विशेषतः स्वरमंडल आणि दोन तानपुरे असलेली, आणि मुलुंडचा अनुभव तसाच्या तसा परत आला. आवाज सारखा असूनही तो टिकला, म्हणजे तो भास नव्हता. आणखी एक गोष्ट अनपेक्षित होती. दोन तासांनंतर कान घामेजले नाहीत आणि गाणे मध्येच थांबवून हेडफोन काढावासा वाटला नाही. पकड सुरुवातीला जरा घट्ट वाटली, वजन मात्र जाणवले नाही.

उंबरठा यांची सूचना अक्षरशः खरी ठरली. रात्री साडेदहापर्यंत पंखा, भांडी आणि वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या सरकण्याचे आवाज आलापात मिसळत होते. अकरानंतर घर शांत होते. हिशेब मांडला, तर आठवड्यातल्या दहा-बारा तासांपैकी नवे ध्वनिमुद्रण, शांत घर आणि पंखा मंद अशी तिन्ही गणिते जुळणारे तास तीन, फार तर चार निघतात.

या तीन-चार तासांसाठी नवा घ्यायची माझी तयारी नाही. मात्र डोंबिवलीत एक जण तीन वर्षे वापरलेला एचडी ६०० जवळजवळ निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे. वापरलेला घ्यावा का, आणि तिथे जाऊन नेमके काय तपासावे?

जवारी :

या मॉडेलच्या बाबतीत वापरलेला घ्यायला हरकत नाही. त्याचे पॅड, डोक्यावरची गादी आणि केबल हे सगळे घरी सुटे करता येते आणि बदलता येते. आपल्या सध्याच्या हेडफोनची केबल कायमची जोडलेली असल्याने ती तुटली की सोल्डरिंगला पर्याय नाही, तसे इथे होत नाही. निम्म्या किमतीत पॅडच्या नव्या जोडाचा खर्चही धरून हिशेब करा, कारण तीन वर्षे वापरलेले पॅड चपटे झालेले असणार आणि चपट्या पॅडवर या हेडफोनच्या आवाजाचा तोल बदलतो.

तपासायचे ते एवढेच की दोन्ही कान सारखे बोलतात का. त्यासाठी आपल्याकडे उत्तम साधन आहे. ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज देणाऱ्या) असतात, म्हणजे त्यांवरचा गळा डोक्याच्या बरोबर मध्यावर ऐकू यायला हवा. एखादी तबकडी दोन्ही बाजूंना एकसारखी उतरवलेली आहे याची खात्री आपल्या हेडफोनवर करून घ्या आणि तिथे तीच लावा. गळा डावीकडे किंवा उजवीकडे झुकला, तर आधी केबल दोन्ही बाजूंना काढून पुन्हा बसवा, कारण तिथल्या पिना सैल होतात. मग हेडफोन उलटा घालून ऐका. झुकाव हेडफोनबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष त्याच्यात, डोंगलमध्ये किंवा ध्वनिमुद्रणात आहे; शेवटचे दोन आपल्या हेडफोनवर आधीच तपासलेले असतील तर तो हेडफोनमध्येच आहे. गेला नाही तर दोष आपल्या कानात असू शकतो.

काळी_चार :

केसरबाईंची एक तबकडी निवडून ठेवली आहे. शनिवारी दुपारी जाऊन येतो. विकणाऱ्याला फोनवर सांगितले की मी पंखा बंद करून ऐकणार आहे, तर तो म्हणाला की त्याच्या विकण्याचे कारणही पंखाच आहे.